पुठ्ठ्याचं दौंड जंक्शन

शाळेला सुट्टी लागली की आमच्या घराची शाळा भरते. मुलं शनिवारी दप्तर फेकतात आणि त्यातून सोमवारी द्यायचा प्रकल्प बाहेर पडतो. शाळेनं तो केव्हाच सांगितलेला असतो. घराला कळतो शनिवारी संध्याकाळी, स्टेशनरीचं दुकान बंद व्हायच्या बेतात.

या वेळी लेकीला 'वाहतुकीची साधने' आलं. शिरूरला नगर रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक, रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या, उसाचे ट्रॅक्टर, सगळं आहे. नाही ती एक रेल्वे. आणि तिला रेल्वेच करायची होती, कारण आजोळ दौंडचं आणि आबा रेल्वेतून रिटायर. थर्माकोलचा आधार २०१८ च्या बंदीत गेला, तेव्हा हे किराणा दुकानातून बिस्किटांची खोकी मागून घेऊन आले.

रविवारी सकाळी आधी खो-खोची मॅच. २०२५ चा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून लेक गुडघे फोडून घेते आहे. आठ जणी एकीआड एक उलट तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. तिला अर्ध्यातून मागं फिरता येत नाही आणि आम्हाला फक्कीच्या रेषेच्या आत पाऊल टाकता येत नाही. नाहीतर निम्म्या आया पदर खोचून उतरल्या असत्या. ओरडायचं तेवढं ओरडा, पळायचं तिचं तिनं. संघ हरला. लेक धूळ झटकत आली नि म्हणाली, "आई, फेविकॉल घेतलास ना?"

मॅचनंतर दौंडला जायला न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे निघालो, तर धाकटे चिरंजीव मागच्या सीटवर कार्यानुभवासाठी क्रेप कागदाची फुलं करायला बसले. पारगावला भीमा ओलांडेपर्यंत एक गुलाब झाला आणि सीट कव्हर लाल झालं.

दौंडला आबांनी चष्मा पुसला आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं रूळ आखले. मनमाडची लाईन १८७८ ची. पुण्याहून तिकडं जाणारी गाडी दौंडात शिरली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, मग गाडी उलट्या तोंडानं निघायची. आता कॉर्ड लाईननं बऱ्याच गाड्या बाहेरच्या बाहेर जातात. आबांना हे अजून पटलेलं नाही. त्यांच्या पुठ्ठ्यावर इंजिन फिरलंच पाहिजे! औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांची चाकं झाली, माझ्या आईनं जुन्या ब्लाउजपीसचा सिग्नल शिवला, कातरकाम आणि ठळक अक्षरांतली माहिती माझ्याकडे आली. लेक मधोमध बसून फर्मावत होती, "आबा, तो रूळ सरळ घ्या." सकाळी मैदानात दिसलेली मुलगी आणि ही साहेबीण एकच, यावर माझा विश्वास बसेना. पण कोणाला कशाला जुंपायचं हे तिला आतापासून कळतं, म्हणजे काहीतरी शिकलीच म्हणायची.

रात्री शेवटच्या पानावर तिनं ऋणनिर्देश लिहिला. रुळांसाठी आबा, शिवणासाठी आजी, खोक्यांसाठी पप्पा. फुलं नासवूनही धाकट्याचं नाव होतं.

"आणि माझं?"

"तू तर प्रकल्प केलास ना, आई. करणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर असतं."

पहिल्या पानावर तिचंच नाव होतं. तेही माझ्याच अक्षरात.