टिकाऊ बचत

पार्लरमध्ये जेल नेलपॉलिशला हजारभर रुपये मोजणाऱ्यांच्या डोळ्यांत अंजन घालणारी चळवळ घरोघर सुरू झाली आहे. तिचे स्वागतच व्हायला हवे. यूव्ही दिवा, बेस कोट, टॉप कोट आणि ३२ रंगांच्या बाटल्या एवढे एकदा घेतले की पुढे सगळे फुकट. रंग संपायला दहा बोटे अपुरी पडतील, पण घरात सासूबाई आहेतच.

दिवा स्वस्तातला असला की जेल वरून कडक, आतून ओले राहते. राहू दे. ते कडेच्या कातडीला लागते, त्यातल्या ॲक्रिलेटची शरीराला ओळख पटते, मग खाज, फोड. काढताना ॲसिटोनचा बोळा फॉइलमध्ये गुंडाळून १०-१५ मिनिटे बसायचे असते. काटकसरी बाईला तेवढी सवड कुठली? ती सोलूनच काढते. सोबत नखाचा पापुद्रा येतो, तो मोफत.

पार्लरचे जेल जेमतेम दोन-तीन आठवडे टिकते. ही ॲलर्जी मात्र बहुधा जन्मभर साथ देते. एवढा टिकाऊपणा त्या पैशांत कोण देतो? फक्त पुढे कधी दात भरून घ्यायचा झाला, तर डेंटिस्टला आधी सांगून ठेवा. त्यांच्या मसाल्यातही याच कुळातली रसायने असतात.