शनिवारची कळसूबाई

हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान संकुलात नोकरी करणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या तरुणाचा रोजचा प्रवास वाकडच्या पुलापासून कंपनीच्या फाटकापर्यंतचा, म्हणजे अंतराने किरकोळ आणि वेळेने प्रदीर्घ असा असतो, आणि त्या प्रवासाबद्दलची त्याची तक्रार ज्याने ऐकलेली नाही असा माणूस पिंपरी-चिंचवड परिसरात सापडणे कठीण आहे. हाच तरुण शनिवारी रात्री मात्र पदरचे पैसे भरून, झोपेवर पाणी सोडून, अनोळखी माणसांनी भरलेल्या बसमध्ये बसतो, रात्रभर हाडे खिळखिळी करून घेतो आणि पहाटेच्या अंधारात एक डोंगर चढू लागतो. या सगळ्याला तो विश्रांती म्हणतो. नागर जीवनाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी अशी ही विश्रांती असून तिचे एक अत्यंत लोकप्रिय क्षेत्र म्हणजे कळसूबाई होय.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी या तालुक्यांच्या सीमेवर उभे असून त्याची उंची १,६४६ मीटर आहे. सहलीच्या जाहिरातींत त्याला ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. मूळ एव्हरेस्ट ८,८४९ मीटरचे असल्यामुळे पाच कळसूबाया एकावर एक रचल्या तरी सहाशेहून अधिक मीटर कमी पडतात, पण जाहिरातीतल्या उपमेकडून एवढी अपेक्षा करणे बरे नव्हे. शिवाय चढणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर उपमा अगदीच पोकळ ठरत नाही. पायथ्याच्या बारी गावापासून शिखरापर्यंतचा चढ साधारण आठशे मीटरचा आहे, म्हणजे तीन मीटरचा एक मजला धरल्यास अडीचशेहून अधिक मजले होतात, आणि ते चढायला निघालेला माणूस दोन मजले वर असलेल्या कँटीनला जाण्यासाठी लिफ्टसमोर पाच मिनिटे उभा राहणारा असतो.

डोंगरभटकंतीची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. गो. नी. दांडेकरांनी किल्ल्यांच्या वाटा आयुष्यभर तुडवल्या आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहून घरबसल्या वाचकांनाही त्या वाटांना लावले. मुंबईत १९५४ साली गिरिविहार ही संस्था स्थापन झाली. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक २०१२ मध्ये खऱ्या एव्हरेस्टवर पोचले. जुन्या काळचा सामान्य भटक्या एसटीने निघे, फडक्यात भाकरी आणि कांदा बांधून नेई, आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर गावच्या देवळात पाठ टेकी. आज या भटकंतीचा ‘इव्हेंट’ झाला आहे. इव्हेंट म्हणजे ज्याची तारीख, शुल्क, बस, नाश्ता, जेवण आणि सूर्योदय एका आयोजकाने आधीच ठरवून दिलेले असतात असा प्रवास. यातील पहिल्या पाच गोष्टी बहुधा वेळेवर मिळतात.

पैसे भरल्याबरोबर यात्रेकरूला एका व्हॉट्सॲप गटात दाखल केले जाते. तिथे न्यायच्या वस्तूंची यादी येते, तिच्यात डोक्याला बांधायचा टॉर्च, तीन लिटर पाणी, इलेक्ट्रॉलची पुडी, जादा मोजे आणि ‘सकारात्मक वृत्ती’ या गोष्टी एकाखाली एक मांडलेल्या असतात. पाचही वस्तू बॅगेत घालण्याच्या तयारीने यादी वाचणारा नोकरदार सर्वाधिक विचार करतो तो बुटांचा. तळव्याची पकड, घोट्याला आधार, पाण्यापासून बचाव या मुद्द्यांवर तो तीन-चार रात्री लोकांचे अभिप्राय वाचून काढतो, तीन जोड्यांची तुलना करणारा तक्ताही मनातल्या मनात तयार करतो आणि शेवटी मित्राने घेतले तेच बूट घेतो. या बुटांनी कळसूबाईचा खडक सर होत असताना बारी गावातली एखादी मावशी रबरी चपला घालून, डोक्यावर पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन, शेजारणीशी बोलत बोलत त्याच्या बाजूने पुढे निघून जाते, आणि ते दृश्य पाहताना बुटाच्या किमतीचा विचार न करण्यासाठी यादीतली ती पाचवी वस्तू उपयोगी पडते.

बस शिवाजीनगर, नाशिक फाटा, भोसरी असे ‘पिकअप पॉइंट’ घेत निघते. पिकअप पॉइंट म्हणजे जिथे दहा जणांनी वेळेवर येऊन अकराव्याची वाट पाहायची ती जागा. अकरावा फोनवर ‘पाच मिनिटांत पोचतोय’ असे सांगत असतो आणि त्याच्या पाठीमागे घरातल्या मिक्सरचा आवाज स्पष्ट ऐकू येत असतो. सगळे बसल्यावर ओळखीचा कार्यक्रम होतो. नोकरीपासून दूर जाण्यासाठी निघालेली ही मंडळी एकामागून एक उभी राहून आपले नाव, कंपनी, हुद्दा आणि अनुभवाची वर्षे सांगतात, आणि एकाच कंपनीतले दोघे निघाले तर नारायणगाव येईपर्यंत त्यांच्यात पगारवाढीची चर्चा चालते. मग अंताक्षरी होते, ती ‘म’वर अडकते, दिवे विझतात. आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर ही गावे झोपेत जातात. प्रवासवर्णनकाराला या टप्प्याविषयी काही लिहिता येत नाही, कारण प्रवाशांपैकी कुणीच तो पाहिलेला नसतो.

रात्री अडीच-तीनच्या सुमारास बस बारीत पोचते, तेव्हा गाव जागे असते. हा सगळा परिसर मुख्यतः महादेव कोळी समाजाचा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य याच टापूत पसरलेले आहे आणि जवळच प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण आहे. भातशेती पावसाच्या भरवशावर असलेल्या या गावांतील अनेक घरांनी शनिवारच्या गर्दीचे नेमके गणित बसवले आहे. ओसरीवर चटया टाकलेल्या असतात, चुलीवर पोह्यांची कढई चढलेली असते, चहा उकळत असतो, आणि घरधनीण ‘या, बसा, तोंड धुवायला पानी तिकडं हाये’ असे अशा सहजतेने सांगते की, रात्री तीन वाजता परक्याच्या घरात पोहे खाणे हा आपला नित्यक्रम असावा असे पाहुण्याला वाटू लागते.

चढाई सुरू होते तेव्हा ट्रेक लीडर सर्वांत पुढे आणि ‘स्वीप’ सर्वांत मागे असतो. स्वीप म्हणजे मागे पडलेल्यांना सोबत घेऊन येणारा स्वयंसेवक. त्याला प्रत्येक वेळी त्याच त्या माणसाबरोबर चालावे लागते, जो दर वळणावर थांबून पायथ्याकडे पाहतो आणि दृश्य फार सुंदर असल्याचे सांगतो, अंधारात दृश्य काही नसले तरी. डोंगरावर टॉर्चच्या उजेडाची लांब रांग लागते. निम्म्याहून वर गेल्यावर कातळाच्या उभ्या टप्प्यांना बसवलेल्या लोखंडी शिड्या येतात, आणि त्यांच्यापाशी एका वेळी थोडेच जण चढू शकत असल्याने त्या रांगेची कोंडी होते. एकामागे एक शंभर-दीडशे माणसे, पुढच्याच्या टाचेवर नजर, मागच्याचा श्वास मानेवर, मध्येच घुसू पाहणारा एखादा आणि त्याला ‘ओ भाऊ, लाइन आहे’ असे ऐकवणारे चौघे: वाकडचा पूल सोडून एवढ्या लांब आलेल्याला ही व्यवस्था परकी वाटत नाही. आश्चर्य असे की, पुलावर जो माणूस दर मिनिटाला हॉर्न वाजवतो तोच इथे शिडीखाली अर्धा तास हसतमुखाने उभा असतो, अनोळखी माणसाला चिक्की देतो आणि त्याच्या मुलांची चौकशी करतो.

या चढाईत अंतर मोजण्याचे एक स्वतंत्र एकक वापरले जाते, ते म्हणजे ‘दहा मिनिटं’. किती राहिले असे लीडरला विचारल्यास तो ‘दहा मिनिटं’ म्हणतो. अर्ध्या तासाने विचारल्यासही तो तेच सांगतो. उतरून येणाऱ्यांना विचारले तर ते एकमेकांकडे पाहून हसतात आणि ‘आलंच की’ म्हणतात. ग्राहकाला काम संपण्याची तारीख सांगण्याचा ज्यांना दांडगा अनुभव आहे असे प्रकल्प व्यवस्थापक या उत्तराने मुळीच फसत नाहीत. उलट ज्या आत्मविश्वासाने ते दिले जाते त्याला मनोमन दाद देतात.

शिखरावर कळसूबाईचे लहानसे देऊळ आहे, आणि नवरात्रात तिथे आसपासच्या गावांतून मोठी गर्दी लोटते. देवीविषयी एक आख्यायिका सांगतात, ती नोकरदार वर्गाने विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. कळसू नावाची कोळ्याची मुलगी एका पाटलाच्या घरी कामाला राहिली, तेव्हा तिने आधीच अट घातली होती की, केरवारे आणि भांडी सोडून कुठलेही काम करीन. पुढे घरी पाहुणे आले, कामाची तारांबळ उडाली आणि पाटलाने तिला नेमके तेच काम सांगितले. कळसूने वाद घातला नाही. ती घर सोडून थेट डोंगरावर गेली आणि तिथेच राहिली. नेमणुकीच्या वेळी ठरलेल्या कामाबाहेरचे काम ‘जरा या वेळेपुरते’ अंगावर घेतल्याचा प्रसंग ज्यांच्यावर दर तिमाहीत येतो, असे कितीतरी भाविक या देवळासमोर हात जोडतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना ही कथा ठाऊक नसते, हे त्यांच्या कंपन्यांचे सुदैव म्हटले पाहिजे.

जाहिरातीत कबूल केलेला सूर्योदय पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे बहुतेक वेळा होत नाही, म्हणजे होतो, पण ढगापलीकडे. आकाश निरभ्र असेल तर पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्गम किल्ले, दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय आणि त्याच्या पलीकडे रतनगड असा देखावा उलगडतो, आणि तो पाहिल्यावर थट्टेखोर प्रवासवर्णनकारालाही काही काळ गप्प बसावे लागते. एरवी पांढऱ्या धुक्याच्या पडद्यासमोर सर्वजण ओळीने उभे राहून छायाचित्रे काढतात, जी सिंहगडावर काढली असती तरी चालली असती. याच ठिकाणी एक अनर्थही ओढवतो. बारीत बेभरवशाची असलेली मोबाइलची रेंज उंचीमुळे शिखरावर बरेचदा नीट येते, आणि महाराष्ट्राच्या सर्वोच्च बिंदूवर, देवीच्या दारात, वाऱ्याने उडणारी टोपी एका हाताने धरून नोकरदार दुसऱ्या हाताने साहेबांना ‘सोमवारी सकाळी पाहतो’ असे लिहीत असतो.

या सहलीतला खरा आनंद कार्यक्रमपत्रिकेत छापलेला नसतो. तो शेवटच्या शिडीच्या अलीकडे, तिथे असलेल्या विहिरीच्या आसपास, ताडपत्रीच्या आडोशाला मांडलेल्या फळकुटावर मिळतो. तिथे बसलेली बाई लिंबू कापते, बी सुरीच्या टोकाने उडवते, रस पिळून सालाची फोड ग्लासच्या काठावर एकदा फिरवते, साखर आणि काळे मीठ अंदाजाने टाकते आणि एका भांड्यातून दुसऱ्यात चार वेळा ओतून ‘घ्या दादा, गार हाये’ म्हणून पुढे करते. पायथ्यापेक्षा वर भाव थोडा जास्त असतो, कारण लिंबापासून साखरेपर्यंत सगळे तिच्या किंवा तिच्या घरच्यांच्या डोक्यावरून आलेले असते. पाऊस पडताच टॅक्सीचे भाडे दुप्पट होणे ज्यांना बाजाराचा नियम म्हणून मान्य असते, त्यांनी इथे पाच रुपयांसाठी घासाघीस करावी हे शोभत नाही. पहिला ग्लास तहानेसाठी असतो आणि त्याची चव लक्षात राहत नाही. दुसरा ग्लास हातात घेऊन माणूस दगडावर बसतो, बुटाची नाडी सैल करतो आणि काही काळ कशाचाही विचार करत नाही. आठवडाभर ध्यानधारणेचे ॲप कानाला लावून जे साधत नाही ते इथे मीठ-साखरेने साधते, असा निर्वाळा देण्यास हरकत नाही.

उतार गुडघ्यांच्या खर्चाने उरकला जातो. खाली आल्यावर त्याच ओसरीवर पिठले, तांदळाची भाकरी, ठेचा आणि वाफाळता भात वाढलेला असतो, आणि एरवी जेवणातील प्रथिने-कर्बोदके ग्रॅममध्ये मोजणारे लोक तिसरी भाकरी मागून घेतात. परतीच्या बसमध्ये ओळखीचा कार्यक्रम होत नाही, अंताक्षरीही होत नाही. माना एकमेकांच्या खांद्यांवर कलंडलेल्या असतात, आणि चाकणजवळ रविवार संध्याकाळच्या कोंडीत गाडी तासभर उभी राहिली तरी कुणाची तक्रार नसते.

ज्या वाचकांना हा प्रवास करावयाचा आहे त्यांनी शक्य असल्यास आठवड्यातील मधला दिवस निवडावा, शिडीखालची कोंडी वाचते. भर पावसात निसरड्या कातळावर घाई करू नये. आपण नेलेली प्रत्येक बाटली आपणच खाली आणावी. आणि सरबतासाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण टपरीवर क्यूआर कोड टांगलेला असला तरी साहेबांचे निरोप आणणारी रेंज पैसे देण्याच्या वेळी जाते.