टॅली

काका मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतून टॅली क्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण टॅली काही सुटली नाही. पंगतीत जिलब्यांची ताटं फिरू लागली की त्यांच्या खिशातून डायरी निघते. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाला एक गठ्ठा. गणपतीच्या एकवीस मोदकांचीही नोंद होते. वीसच भरले तर पहिला संशय पुतण्यांवर. त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी आहेत: उतरलेला माल आणि उतरायचा माल.

गेल्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे ॲम्स्टरडॅमजवळच्या ॲम्स्टलवेनला आले. मी त्यांना चित्रं दाखवायला नेलं. चूक माझीच.

रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'समोर गर्दी श्वास रोखून उभी होती. काकांनी आधी माणसं मोजली.

"पाळीवर एवढी माणसं, आणि ओझं एकाच्याही डोक्यावर नाही! तो काळ्या कपड्यांतला, हात पुढे करून उभा आहे ना, तो मुकादम."

शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. त्यांना मराठी येत नव्हतं, ही देवाची कृपा.

मग आम्ही ब्राइटनरच्या एका चित्रापाशी आलो. म्हटलं, इथे तरी काकांना घरच्यासारखं वाटेल. "हा डच इम्प्रेशनिस्ट. १८५७ साली रॉटरडॅममध्ये जन्मला. आणि हे डामराक, ॲम्स्टरडॅमचं जुनं बंदर."

काकांनी चष्मा पुसला. "बोटींवर नाव नाही, नंबर नाही. टॅली करायची कशी? दोरखंड कुठे बांधलाय तेही दिसत नाही. अशी बोट रात्रीत वाहून जाते."

"काका, यात बारकावे नसतात. प्रकाश बघायचा."

"प्रकाश आहेच कुठे? आभाळ भरून आलंय. अशा हवेत आम्ही हॅच झाकायला लावायचो. आत साखर असली तर संपलंच."

मी चित्रकाराची बाजू घेतली. हा स्वतःला जनतेचा चित्रकार म्हणवायचा. १८८२ मध्ये हेगच्या गरीब वस्त्यांत व्हॅन गॉगच्या बरोबर चित्रं काढत हिंडला. गाड्या ओढणारे घोडे, इमारतींचे खोदलेले पाये, चिखलात उभे मजूर, हे त्याचे विषय. कॅमेरा घेऊनही रस्तोरस्ती फिरायचा.

काका गप्प झाले. मग इतके वाकले की रखवालदार लगबगीने जवळ आला.

"ही पुढची भरलेली आहे," ते म्हणाले. "मागची रिकामी."

"कशावरून?"

"पाण्यात कशी बसलीय बघ. रिकामी अशी बसत नाही, वर येते, डुलते. आणि हे त्याने दोन फटकाऱ्यांत दाखवलंय." काका सरळ झाले. "हा माणूस धक्क्यावर उभा राहिलेला आहे."

एवढं कौतुक त्यांनी माझ्या इंजिनिअर होण्याचंही केलं नव्हतं.

"चल, ही जागा दाखव."

मी सांगितलं, बरीचशी आता नाहीच. एकोणिसाव्या शतकात डामराकचा मोठा भाग भर घालून बुजवला, आणि त्यावर बेर्लाखे या वास्तुविशारदाचा शेअर बाजार उभा राहिला. तो १९०३ मध्ये सुरू झाला. उरलेल्या पाण्यात आता पर्यटकांच्या बोटी लागतात.

"बुजवलं?"

"हो."

"आमची पण," काका म्हणाले. "१८८८ ची गोदी. कंटेनरसाठी भर घातली."

आम्ही थोडा वेळ नुसते उभे राहिलो. मग काकांनी डायरी काढली. चित्रातल्या बोटी एकेक करून मोजल्या, एका अंधुक डागापाशी अडले, रखवालदाराकडे पाहून एक पाऊल मागे सरले आणि तो डागही बोट म्हणून मान्य केला. चार उभ्या, पाचवी आडवी. खाली तारीख, सही.

बाहेर ट्रामची वाट पाहताना मी हळूच डोकावलो. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: माल पूर्ण. गोदी शॉर्ट.