कामोठ्याला अंटार्क्टिकात घ्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
अंटार्क्टिक शासन व पर्यावरण संरक्षण समिती,
पृथ्वी विज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : मौजे कामोठे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड येथील खाडी व खारफुटी अंटार्क्टिका खंडात समाविष्ट करणेबाबत.

महोदय,

‘भारतीय अंटार्क्टिक कायदा, 2022’ केल्याबद्दल कामोठेकरांतर्फे प्रथम अभिनंदन. इतक्या जिवापाड लिहिलेला कायदा आमच्या वाचनात यापूर्वी आला नव्हता. परवान्याशिवाय मोहीम नाही. परवाना हवा तर आधी पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास, मग कचऱ्याचं नियोजन, मग आणीबाणीचा आराखडा. बाहेरची निर्जंतुक न केलेली माती नेण्यास मनाई. समुद्रात प्लास्टिक टाकण्यास मनाई. परवान्याविना परका प्राणी किंवा परकं रोपटं नेलं तर सात वर्षांपर्यंत कैद आणि 10 ते 50 लाख रुपये दंड. अणुस्फोट केला तर किमान 50 कोटी आणि वीस वर्षं ते जन्मठेप. अणुस्फोटाचा आमचा तूर्त विचार नाही. खाडीपलीकडे विमानतळासाठी उलवे टेकडी फोडली, तेव्हा जे सुरुंग वर्षानुवर्षं वाजले ते कुठल्या कलमात बसतात, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

हा कायदा वाचायची वेळ आमच्यावर आली ती सोसायटीतल्या एका निवृत्त जोडप्यामुळे. दोघं अंटार्क्टिका पाहून आले आणि सोसायटीच्या ऑफिसात त्यांनी फोटो दाखवले. फोटोंपेक्षा काकांचं वर्णन ऐकण्यासारखं होतं. किनाऱ्यावर उतरण्याआधी जॅकेटच्या वेल्क्रोत व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा, कारण गवताचं एखादं बी अडकलेलं असेल. बूट जंतुनाशकात बुडवायचे, उतरताना आणि परत चढतानाही. एका वेळी शंभरच माणसं खाली. पेंग्विनपासून पाच मीटर अंतर. तो आडवा आला तर आपण थांबायचं, वाट त्याची. बर्ड फ्लूच्या भीतीमुळे खाली बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवीसुद्धा टेकवायची नाही. काकूंना गुडघ्यांचा त्रास आहे, तरी त्या तासभर उभ्या राहिल्या. बसावंसं वाटलंच नाही म्हणाल्या.

हेच काका दरवर्षी गणपतीचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पुलावरून खाडीत सोडतात, आणि सोडून झाल्यावर हात जोडतात. ही तक्रार नव्हे. माणूस तोच, हात तेच. तिकडे जहाजाच्या शिडीशी कोणीतरी बूट तपासायला उभं असतं, इकडे पुलावर कोणीच नसतं. काकांना दरवर्षी तिकडे पाठवणं सोसायटीला परवडणारं नाही. म्हणून तुमचा कायदाच इकडे आणावा, असं सर्वानुमते ठरलं.

भूगोलाची अडचण तुम्ही सांगाल. आम्ही नकाशा पाहिला आहे. आपलं अंटार्क्टिकातलं भारती केंद्र सुमारे 76 अंश पूर्व रेखांशावर, कामोठे 73 वर. म्हणजे आम्ही भारतीच्या जवळजवळ नाकासमोर आहोत. इथून सरळ दक्षिणेला निघालं की कोकण किनारा सुटतो, मालदीव लागतं, आणि मग थेट तुमचंच राज्य. प्रश्न उरतो अक्षांशाचा. करार 60 अंश दक्षिणेपासून लागू होतो, आम्ही 19 उत्तर. 79 अंशांचं काम आहे. हार्बर लाइनवर तिघांच्या बाकावर चौथा बसतो, तसं थोडं सरकून घेतलंत तर होण्यासारखं आहे.

जीवसृष्टीचं म्हणाल तर तिकडे पेंग्विन, इकडे निवट्या. ओहोटीला चिखलावर चालणारा मासा तुमच्याकडे आहे का? शिवाय चिंबोऱ्या, बगळे, आणि हिवाळ्यात येऊन ठाण्याच्या खाडीपर्यंत पसरणारे रोहित पक्षी. त्या रोहितांवरून एक तारीख आठवते, ती आपल्याही दप्तरात असेल : 20 मे 2024. त्या दिवशी कोचीत अंटार्क्टिक कराराच्या देशांची 46वी बैठक सुरू झाली. यजमान आपण. अंटार्क्टिकातल्या पर्यटनाला चौकट घालण्याची चर्चा तिथे होणार होती, आणि ती व्हायलाच हवी होती. एका हंगामात एक लाखाहून जास्त पर्यटक तिकडे जाऊ लागलेत. त्याच रात्री घाटकोपरच्या आकाशात एका विमानाला रोहितांचा थवा धडकला. जवळजवळ चाळीस पक्षी मेले, इमारतींच्या आवारात पडले. त्यांच्यापासून विमानाने किती मीटर अंतर ठेवावं, याचं कलम कोणी सांगितलं नाही. आता आमच्या खाडीपलीकडेही धावपट्टी सुरू झाली आहे.

इथे परवानेच नाहीत असा गैरसमज करून घेऊ नका. परवान्यांची चणचण कामोठ्याला कधीच भासली नाही. 17 सप्टेंबर 2018 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातली खारफुटी तोडायला मनाई केली, तीवर भराव आणि डेब्रिज टाकायलाही, आणि भोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. निकाल इतका चांगला आहे की तुमच्या कायद्याशेजारी ठेवला तर सख्खा भाऊ वाटेल. अपवाद एकच : सार्वजनिक हित, तेही न्यायालयाची परवानगी घेऊन. डिसेंबर 2022 मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार खारफुटीची झाडं तोडायची परवानगी याच दाराने मिळाली. बदल्यात दुसरीकडे झाडं लावायची. निवट्याला ‘दुसरीकडे’चा पत्ता कोणी दिला का, ते कळलं नाही. अंटार्क्टिकाचं नशीब असं की तिथे जनताच नाही, त्यामुळे सार्वजनिक हितही नाही. आम्हालाही त्याच यादीत घ्या.

बंदीचंही तसंच. दक्षिण गंगोत्री हिमनदीचं टोक हे संरक्षित क्षेत्र क्रमांक 163. तिथे पाऊल ठेवायला विशेष परवाना लागतो, आणि तो नसेल तर माणूस खरोखरच पाऊल ठेवत नाही. आमच्या शेजारी खारघरचा पांडवकडा धबधबा. पावसाळा आला की बंदीचा हुकूम येतो, हुकुमामागून गर्दी येते, आणि मागच्या वाटेने आत गेलेल्या पोरांपैकी कोणाची तरी बातमी येते.

तुमच्या कायद्यातली एक तरतूद मात्र आमच्या मनात भरली. करारातल्या दुसऱ्या देशाने परवाना दिला असेल, तर आपला लागत नाही. आमचे काका अर्जेंटिनातल्या उशुआयाहून जहाजात बसले, जहाजाच्या कंपनीने परवाना भलत्याच देशाकडून घेतलेला होता. दहा मंत्रालयीन सभासद आणि दोन तज्ज्ञ असलेल्या आपल्या समितीचं तोंडही काकांना पाहावं लागलं नाही. हरकत नाही. तीच सोय उलटी करून आम्हाला द्या : कामोठ्याच्या खाडीत एक डंपर जरी रिकामा करायचा असेल, तरी त्याला नॉर्वे किंवा न्यूझीलंडचा परवाना लागेल. तिथले अधिकारी मराठी वाचत नसल्याने ओळख सांगायचीही सोय राहणार नाही.

आता एक शंका, रागावू नका. 1991 साली माद्रिदला सही झालेल्या आणि 1998 पासून लागू असलेल्या प्रोटोकॉलनुसार तिथून कुत्रीसुद्धा बाहेर काढली, तो लागू होण्याआधीच, 1994 पर्यंत, स्लेज ओढणारी शेवटची हस्की गेली. गवताच्या बियांसाठी वेल्क्रो झाडतात. पण एका हंगामात माणसं किती यावीत, हा आकडा अजून कोणी पक्का केलेला नाही. किनाऱ्यावर एका वेळी शंभर, हे ठीक; जहाजं किती, त्याला उत्तर नाही. निम्मी पृथ्वी ओलांडून येणारं विमान तर कुठल्याच फॉर्मवर भरावं लागत नाही. बूट स्वच्छ असले की झालं. इथपर्यंत वाचल्यावर आमच्या अर्जाला बळ आलं, कारण तुमच्याकडची आणि आमच्याकडची पद्धत इतकी सारखी असेल असं वाटलं नव्हतं.

1981 सालच्या डिसेंबरात पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली, प्रमुख डॉ. कासिम यांच्यासह 21 जण, आणि 9 जानेवारी 1982 रोजी बर्फावर उतरली. तेव्हा कामोठे म्हणजे आगरी-कोळ्यांचं गाव, मिठागरं, भातखाचरं आणि खाडी. सिडकोचे सेक्टर नंतर आले. तुमच्याकडे त्या काळापासून आजवर तीन केंद्रं झाली, दक्षिण गंगोत्री, मैत्री आणि भारती, आणि पहिलं तर बर्फाखाली गेलं. आमच्याकडे किती इमारती झाल्या ते मोजायला मोहीमच काढावी लागेल. तिचा परवाना कोणाकडे मागायचा तेही कळवावं.

कायद्यात निरीक्षक नेमण्याची तरतूद आहे. अर्ज मंजूर होईपर्यंत एखादा निरीक्षक नमुन्यादाखल पाठवावा. मानसरोवर स्टेशनला उतरून रिक्षा घ्यावी. दिवसा येऊ नये. दिवसा सगळं नियमात असतं. रात्री बारानंतर, मागचे दिवे बंद ठेवून डंपर येतात, त्या वेळी यावं. बूट धुण्याची व्यवस्था सोसायटीच्या गेटवर करू, फक्त पाण्याची वेळ आधी फोन करून विचारून घ्यावी.

आपले नम्र,
खाडीकडच्या बाजूचे रहिवासी, कामोठे

प्रत माहितीस्तव : राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, वास्को, गोवा. कोकण रेल्वेने रात्रभराचा प्रवास. निरीक्षक दिल्लीहून मिळत नसेल तर तिथून चालेल.