अंगी लागलेलं

ताथवड्यात चालायला जागा उरलेली नाही, म्हणून इथली माणसं चालण्याचे पैसे भरतात. तक्रार म्हणून नव्हे, सहज दिसलं म्हणून सांगतो. 2009 साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि बघता बघता शेतांच्या बांधांवर इमारती चढल्या. कुठला बांध कुठून कुठे जायचा हे आता फक्त तलाठ्याच्या कागदांना आठवत असेल. सर्व्हिस रोडच्या कडेला फूटपाथ म्हणून जी पट्टी आहे, तिच्यावर शहाळ्यांची गाडी, मोमोजचा स्टॉल आणि नव्या स्कीमचा फलक छातीशी धरून उभा असलेला एक कंटाळलेला मुलगा कायमचे मुक्कामाला असतात. मग चालणाऱ्यानं जायचं कुठे? तर तिसऱ्या मजल्यावर. खाली औषधांचं दुकान, मधल्या मजल्यावर क्लास आणि त्यावर आमची जिम.

ट्रेडमिल खिडकीला लागून ओळीनं मांडल्या आहेत. समोर मुंबई-बेंगळुरू महामार्ग आणि ताथवड्याच्या भुयारी मार्गाच्या तोंडाशी गोळा झालेली वाहनं. संध्याकाळी माझ्या पडद्यावर ताशी 5 किलोमीटर असा आकडा दिसत असतो आणि समोरच्या कंटेनरचा वेग शून्य असतो. मी कुठेच निघालेलो नाही आणि कुठेच पोचत नाही. तो बेंगळुरूला निघालाय आणि तोही कुठेच पोचत नाही. मधेच एखादा ड्रायव्हर मान वर करून आमच्याकडे बघतो. काचेआड ओळीनं चालणारी, घामानं निथळणारी, तरी जागची न हलणारी सात-आठ माणसं बघून त्याला काय वाटत असेल? एकदा एकानं हात हलवला. मीही हलवला. वारा पडल्यामुळे भर समुद्रात खोळंबलेल्या दोन गलबतांवरचे खलाशी एकमेकांना असाच हात करत असतील.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि नापसंत करायच्या, हे माझं काम. शाफ्टचा व्यास चार मायक्रॉननी वाढलेला दिसला की मी त्याला लाल टॅग बांधतो आणि तो निमूटपणे रिजेक्शनच्या ट्रेमध्ये जाऊन पडतो. गेल्या वार्षिक तपासणीत कंपनीच्या डॉक्टरांनी माझ्या कमरेभोवती टेप फिरवला, आकडा वाचला, आणि काही न बोलता टेप सोडवून पुन्हा लावला. ते पुन्हा लावणं माझ्या फार ओळखीचं होतं. अख्खा लॉट परत पाठवायच्या आधी मीही असंच एकदा फेरमोजणी करून घेतो.

जिममध्ये नाव नोंदवायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं आधी वर्षाचं पॅकेज सांगितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून सहा महिन्यांचं, मग तीन महिन्यांचं. माणसाच्या निश्चयाची खोली इतक्या झटपट जोखणारं गेज आमच्या स्टँडर्ड रूममध्येही नाही. त्यानंतर अनवाणी पायांनी एका यंत्रावर उभं केलं, दोन्ही हातांत दांडे दिले, आणि बसच्या तिकिटासारखी एक चिठ्ठी सरसर बाहेर आली. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे इन्स्पेक्शन रिपोर्ट भरले. हा माझा पहिलाच. डावीकडे काय असायला हवं, उजवीकडे काय आहे. पाणी इतकं, स्नायू इतके, हाडं इतकी, आणि चरबी हा एक उदार आकडा. तळाशी ‘मेटाबॉलिक एज’ म्हणून एक रकाना होता. त्यात माझं वय माझ्या थोरल्या भावापेक्षा जास्त निघालं. यापुढे दिवाळीला नमस्कार कुणी कुणाला करायचा, हा प्रश्न मी अजून घरात काढलेला नाही.

त्या चिठ्ठीतला सगळ्यात ठळक आकडा बीएमआयचा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. आपल्याकडच्या अंगकाठीला 23 च्या वर गेलं की जास्त धरतात. सवयीनं मी या मोजमापाचं मूळ शोधायला गेलो. सूत्र निघालं 1830 च्या दशकातलं, अदोल्फ केतले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचं. त्याला कुणाचं वजन उतरवायचं नव्हतं. आकाशातल्या ताऱ्यांसारखाच ‘सरासरी माणूस’ही गणितात पकडता येईल का, एवढंच तो बघत होता. या सूत्राला बॉडी मास इंडेक्स हे आजचं नाव दिलं ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, आणि ते साल होतं 1972.

बहात्तर म्हटलं की आमच्या घरात एकच गोष्ट आठवते.

आई तेव्हा सोळा वर्षांची होती. आटपाडीकडचं तिचं माहेर. पाऊस नाही, विहिरीत पाणी नाही, दावणीला जनावर नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली होती, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. त्यांतली एक माझी आई, आजीच्या शेजारी बसून खडी फोडणारी. खायला अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी, आणि कामावर मिळणारी सुकडी. मिलोचं नाव काढलं तर आई अजून तोंड वाकडं करते. सुकडी मात्र चांगली लागायची म्हणते. त्या वर्षानं तिला एक शास्त्र शिकवलं आणि पुढे कुठल्याच डॉक्टरला ते खोडून काढता आलं नाही. माणूस अंगानं भरला की घरात सगळं ठीक आहे. माणूस वाळला की तो काहीतरी लपवतोय. माझी ढेरी ही त्यामुळे तिच्या लेखी रोग नाही. तो तिनं चाळीस वर्षं एकेक पाटी माती टाकून बांधलेला पाझर तलाव आहे, आणि मी पैसे भरून त्याला भगदाड पाडायला निघालोय.

गंमत अशी की, कीजलाही भूक चांगली माहीत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात त्यानं 36 तरुणांना, त्यांच्याच संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपाशी राहिलेल्या माणसांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे त्याला शिकायचं होतं. त्या मुलांचं वजन घटलं तसं त्यांचं बाकी सगळं मागे पडलं, आणि काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसू लागले. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, माझ्या पोटात उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग आणि काकडी होती, आणि मोबाइलवर कुणीतरी परातीएवढी पुरणपोळी खापरावर टाकत होतं. ते मी तसंच बघत राहिलो. शेजारून बायको म्हणाली, “आवाज तरी कमी करा.”

आमचा ट्रेनर मावळातला. पंचविशीतला, दंड असे की शर्टाच्या बाह्यांची दया यावी. बोलायला मऊ; मोजण्यात मात्र त्याचा मेळ नाही. “सर, शेवटचे पाच,” म्हणतो आणि तीन, चार झाले की, “अजून दोनच,” म्हणतो. त्या दोनांनंतर, “आता लास्ट.” आमच्या कंपनीत असं मोजलं तर ऑडिटमध्ये अडकू. पण त्याचा हात डंबेलच्या खाली एक इंच अंतरावर धरलेला असतो, न टेकवता, पडलं तर झेलायला. तो हात दिसला की मी त्याचं गणित माफ करतो. त्याचा आजा पैलवान होता. “आमच्या तालमीत कमी करायला कुणी येतच नव्हतं सर,” तो एकदा म्हणाला, “सगळे वाढवायला यायचे.”

खरंच आहे ते. तालमीचं अर्धं शास्त्र जोर-बैठका, आणि उरलेलं अर्धं खुराक. म्हशीचं दूध, तूप, बदामाची थंडाई. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधून घेतलं, 1912 साली ते खुलं झालं. तिथे हजारो माणसं जमायची ती भरलेलं शरीर बघायला. त्याच महाराजांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आमच्या ताथवड्यात आहे आणि तिथली सडपातळ पोरं संध्याकाळी माझ्या बाजूला उभं राहून वजन वाढत नाही म्हणून हळहळतात. मी त्यांच्याकडे बघतो, ती माझ्याकडे बघतात. एखादी देवाणघेवाण करता आली असती तर दोघांचीही फी वाचली असती. शिवाय याच गावात पशुसंवर्धन खात्याचं वळू-माता प्रक्षेत्र आहे. भारदस्त अंगाला सरकारी मान असलेली ताथवड्यातली ती एकच जागा, पण तिथे भरती व्हायला माझी जात आडवी येते.

आईच्या वडिलांना मात्र व्यायाम राजाज्ञेनं मिळाला होता. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांच्या बाबतीत इतके हट्टी की संस्थानातल्या शाळांत पोरांना ते घालावेच लागत. त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं पुस्तक 1938 साली थेट लंडनमध्ये निघालं. आजोबांची त्याबद्दलची आठवण एवढीच, की नमस्कार घातले की भूक फार लागायची आणि घरी भाकरी तेवढीच असायची. आई पहिल्यांदा ताथवड्याला आली तेव्हा समोरून जाणाऱ्या बसवर ‘औंध’ ही पाटी बघून हरखली होती. ते औंध हे नव्हे, इथे राजवाडा नाही, मॉल आहे, हे समजावताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

किलोभर चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. माझ्या वजनाच्या माणसानं त्या पट्ट्यावर अर्धा तास चालावं तर जेमतेम दीडशे जळतात. म्हणजे एका किलोला पन्नासेक अर्धे तास, आणि वाटेत एकही वडापाव आडवा न येता. पण ती चरबी जळते म्हणजे जाते कुठे? मला वाटायचं घामातून. 2014 साली दोन ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी हिशेब मांडून दाखवला की 10 किलो चरबी गेली तर त्यातले 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात, उरलेलं पाणी. हे वाचल्यापासून जिममधल्या धापांकडे मी जरा आदरानं बघू लागलो. कुणाची लग्नानंतरची जावईपंगत, कुणाच्या थर्ड शिफ्टचे समोसे, कुणाचं बाळंतपणातलं तूप, सगळं फुस्स करत खिडकीतून महामार्गावर जात असतं. खालच्या दुभाजकातल्या कण्हेरी ते ओढून घेत असतील. आईनं भाताच्या मुदीवर धरलेली तुपाची धार आता कुठल्या तरी पानात हिरवी झाली असेल, आणि तिला ते सांगायची सोय नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आई आमच्याकडे आली तेव्हा मी पट्ट्याला एक नवं भोक पाडून घेतलं होतं. तिला धूसर दिसत होतं, तरी दारातच म्हणाली, “वाळलास.” जेवताना माझ्या ताटात मोड आलेले मूग बघून ती बराच वेळ गप्प राहिली. सून आत गेल्यावर हळूच विचारलं, “नोकरी आहे ना रे अजून?”

आहे म्हटलं. तिला पटलं नाही. मग तूच बघ म्हणून एका संध्याकाळी तिला वर घेऊन गेलो. बेंच प्रेसच्या बाकावर ती पदर सावरून बसली. एक मुलगा दोन्ही हातांनी घण उचलून मोठ्या टायरवर घालत होता, त्याच्याकडे तिनं जाणकारासारखं पाहिलं. “पाठीतून मारतोय. खांद्यातून मारायला पाहिजे, नाहीतर रात्री कंबर धरेल.” मग मला विचारलं, “हजेरी किती देतात?”

“आपणच देतो, आई.”

तिनं एकदा त्या मुलाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि पदराआड तोंड नेऊन हसली. एवढी हसलेली मी तिला बऱ्याच दिवसांनी बघत होतो. मग तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डिंकाचे लाडू. व्यायाम करतोय म्हणजे खुराक लागणारच, एवढं तिनं त्या सगळ्यातून उचललं होतं.

ट्रेनर वाकून तिच्या पाया पडला. डब्याचं झाकण निघताच त्याची मान आपोआप खाली आली. “आजी, तूप घरचं का?” डाएट चार्ट लिहून देणाऱ्या त्या हातानं एक लाडू उचलला, मग दुसरा. मी जवळ सरकलो तर तोंडातला घास न गिळताच म्हणाला, “सर, तुम्ही नाही. तुमचे बारा राहिलेत.” मी डंबेल उचललं. त्या दोघांचं मावळातल्या भाताबद्दल, त्याच्या आजाच्या म्हशीबद्दल बोलणं चाललं होतं. आई त्याच्या दंडावर बोट रोवून बघत होती, भोपळा बघतात तसं.

“वजन किती रे बाळा तुझं?”

“ब्याण्णव, आजी.”

आई सावकाश माझ्याकडे वळली. “तुझं?”

मी हळू आवाजात सांगितलं. त्याच्यापेक्षा चार किलो कमी.

“मग?” ती म्हणाली, आणि डबा माझ्यापुढे सरकवला.