साहेब जेवायला गेलेत

आमचे नाना बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत कारकून होते. समोरच्याला तीन खेपा घालायला लावल्याशिवाय त्यांनी एकही कागद पुढे सरकवला नाही, असं खुद्द काकूच सांगतात. अशा माणसाला फोनवरच्या एका पोरानं चौदा हजारांना गंडवलं, याचं घरात सगळ्यांना नवल. मला नाही. बत्तीस वर्षांत नानांशी कोणी इतक्या अदबीनं बोललंच नव्हतं.

"नाना सर, मी विमा नियामकाकडून, आयआरडीएआयमधून बोलतोय. आपली १९९६ची बंद पडलेली पॉलिसी आहे ना? तिच्यावर दोन लाख अठरा हजार बोनस जमलाय." पॉलिसीचा नंबर बरोबर, हप्त्याची रक्कम बरोबर. आपली कुंडली बाजारात कुठे आणि किती रुपयांना मिळते, हे आपल्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी तर "गुडघा कसा आहे, सर?" अशी चौकशी. नाना विरघळले. आदल्या दिवशी "थांबा, बसून बोलतो, गुडघा दुखतो" असं आपणच म्हणालो होतो, हे ते विसरले. पोरगा विसरला नव्हता. त्यानं लिहून ठेवलं असणार. आमच्या कुठल्या कार्यालयात एवढी टिपणं ठेवतात?

मग फाइल चार्ज. मग एनओसी. मग जीएसटी. वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी सरकारनं २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकला, पण या मंडळींनी तो इमानेइतबारे चालू ठेवलाय. पॉलिसी बंद, हप्ता बंद, कर मात्र चालू.

नानांनी एक शहाणा प्रश्न विचारला होता बरं का. "दोन लाख देताय, तर त्यातूनच कापून घ्या की चौदा हजार." याच प्रश्नावर सगळा डाव उधळायला हवा होता. पण पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, सिस्टीम घेत नाही." आणि नानांना पटलं! नोकरीची शेवटची दहा वर्षं ते स्वतः लोकांना हेच सांगत होते.

आता ज्या नियामकाच्या नावानं हा फोन आला, तो नियामक पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, तुमचे हप्ते कुठे गुंतवतही नाही. असा फोन आला तर पोलिसांत तक्रार करा, असं त्यानंच सांगून ठेवलंय. विम्याच्या जाहिरातीत तळाशी ही सूचना असते, मुंगीनंही चष्मा लावून वाचावी इतक्या बारीक टायपात. शिवाय बँका आणि विमा कंपन्यांच्या कामाच्या फोनसाठी १६००ची क्रमांकमाला आहे, जाहिरातवाल्यांसाठी १४०ची. नानांचा नियामक साध्या दहा आकडी मोबाइलवरून बोलत होता. पण गुडघ्याची विचारपूस करणाऱ्याचा नंबर कोण बघत बसतो?

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तर ते पुढच्या खात्यात रोखले जाण्याची थोडी तरी आशा असते. नानांनी चौथ्या दिवशी केला. मधले तीन दिवस पोलिसांना घाबरून नव्हे, काकूंना घाबरून गेले. काकूंना कळल्यावर मग भाचे, पुतणे, जावई, ज्याला त्याला कंठ फुटला. "ओटीपी देऊ नये हो नाना!" अरे, ओटीपी कोणी मागितलाच नव्हता. पैसे नानांनी स्वतःच्या हातानं, मोठ्या अभिमानानं पाठवले होते.

परवा पुन्हा फोन वाजला. एकदा फसलेल्यांची यादीही विकली जाते, आणि तिला भाव जास्त. आम्ही सगळे समोरच बसलो होतो. नानांनी फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार नाना सर, सायबर सेलमधून बोलतोय. आपले गेलेले चौदा हजार मिळालेत. फक्त बाराशे रुपये प्रोसेसिंग..."

नानांनी चष्मा कपाळावर चढवला, पाठ ताठ केली. निवृत्तीनंतर सात वर्षांनी तो आवाज पुन्हा घरात घुमला.

"साहेब जेवायला गेलेत. तीननंतर करा."

तीन वाजून दोन मिनिटांनी त्याचा खरंच फोन आला.

"अर्ज आणलात?" नाना म्हणाले. "आणि दोन झेरॉक्स?"