सुसज्ज स्वयंपाकघरांच्या मालकांस अनावृत पत्र

बंगळुरू शहरात दिवसाच्या अथवा आठवड्याच्या बोलीने भाड्याने मिळणाऱ्या, ‘स्वयंपाकाच्या संपूर्ण सोयीसह’ अशी जाहिरात असलेल्या सदनिकांचे समस्त मालक यांस, सादर नमस्कार.

आपल्या सदनिकेत उतरणारा पाहुणा हॉटेलची खोली सोडून तेथे येतो तो एकाच कारणासाठी: त्याला स्वतःच्या हातचे शिजवून खायचे असते. ही त्याची इच्छा आपण ओळखली आहे, तिची किंमत ठरवली आहे आणि ती आगाऊ वसूलही केली आहे. त्यामुळे आपल्या व्यवहारचातुर्याविषयी शंका घेण्यास जागा उरत नाही. शंका उरते ती केवळ एवढीच, की आपल्यापैकी कोणी त्या ओट्यासमोर उभे राहून आजवर वरणभाताचा एक कुकर तरी लावला आहे काय.

किरकोळ उणिवा येथे ओझरत्याच सांगितलेल्या बऱ्या. सहा पेले उंच देठांचे असतात, परंतु चहाची गाळणी नसते. सुरी असते, पण तिने टोमॅटो कापला जात नाही, तो चेपला जातो. पोळपाट असल्यास लाटणे नसते, आणि दोन्ही असल्यास तवा असा असतो की त्याचा काळा लेप पोळीबरोबर पोटात जावा. सांडशी ही वस्तू मानवाने अद्याप शोधलेली नाही अशा समजुतीने ही घरे मांडलेली असतात. नंदिनीच्या दुधाची पिशवी कोपऱ्यावरच्या दुकानात पहाटेच मिळते, मात्र ते दूध तापवायला पातेले नसल्याने पाहुणा पसरट फ्रायपॅनमध्ये साय धरण्याचा प्रयोग करतो. मिठाची पुडी मागील पाहुण्याने ठेवलेली असते, तिचे श्रेय मालकाकडे जात नाही. हे सारे सहन होण्याजोगे आहे आणि होतेही.

सहन होत नाही तो कुकर.

कुकर नसता तर तक्रारच नव्हती; पाहुण्याने तो घरून आणला असता. परंतु आपल्या यादीत ‘प्रेशर कुकर, एक’ अशी स्पष्ट नोंद असते, आणि कपाट उघडताच तो खरोखरच तेथे बसलेला दिसतो: तीन लिटरचा, अ‍ॅल्युमिनियमचा, रिंग आणि शिट्टी यांसह. शेजारीच ओट्यावर इंडक्शनची शेगडी असते. या शेगडीत काचेखाली तारेचे वेटोळे असते, त्यातून वेगाने दिशा बदलणारी वीज वाहते, तिच्यामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्या क्षेत्राच्या योगे भांड्याच्या बुडातच प्रवाह उत्पन्न होऊन ते बूड तापते. म्हणजे येथे शेगडी तापत नाही, भांडे तापते. ही क्रिया घडण्यासाठी बुडाला लोहचुंबक चिकटणे आवश्यक असते. लोखंडाला तो चिकटतो, इंडक्शनसाठी बनवलेल्या पोलादी बुडाला चिकटतो, साध्या अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही. तेव्हा पाहुणा डाळ धुतो, पाणी घालतो, हळद टाकतो, झाकण लावतो, शेगडी सुरू करतो. शेगडी दोनतीनदा टुंक टुंक करते, आपल्यावर भांडेच ठेवलेले नाही असा निष्कर्ष काढते आणि बंद पडते. दोन्ही वस्तू चालू स्थितीत आहेत आणि दोन्ही यादीत आहेत, तरीही त्या दोन्ही मिळून पाव किलो तूरडाळ शिजवू शकत नाहीत, ही अवस्था तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून घालण्याइतकी निर्दोष आहे.

यावर आपला केअरटेकर जो उपाय सुचवतो, तो म्हणजे डाळ फ्रायपॅनमध्ये उघडीच शिजवावी. या उपायाला बंगळुरूचा भूगोल आड येतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर वसलेले आहे, ज्यामुळे त्याची हवा सुखद आहे आणि त्याच कारणाने तेथे पाणी शंभर अंशांऐवजी जवळपास 97 अंश सेल्सिअसलाच उकळते. उघड्या भांड्याखाली कितीही वेळ उष्णता दिली तरी डाळीला याहून अधिक तापमान मिळत नाही, तर बंद कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे ते 120 अंशांच्या आसपास पोहोचते. त्यात पाण्याची भर. सुमारे 100 किलोमीटरवरून आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून आणलेले कावेरीचे पाणी ज्या वसाहतींना पुरत नाही, तेथे बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी नळाला येते, आणि ते बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. हे क्षार डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिन या द्रव्याला जखडतात, आणि डाळ तासाभरानेही दाताखाली कचकचते. उंची, जड पाणी आणि उघडे फ्रायपॅन या तिहेरी योगावर वरण होणे हा चमत्कार ठरेल, आणि चमत्काराचे भाडे आपण आकारलेले नाही.

या ठिकाणी इतिहासाने केलेली एक थट्टा नमूद करणे भाग आहे. देशभरच्या स्वयंपाकघरांना माहीत असलेला प्रेस्टिज कुकर 1959 पासून याच बंगळुरूत, दूरवाणीनगरच्या कारखान्यात बनू लागला. ज्या शहराने अर्ध्या हिंदुस्थानाची डाळ शिजवण्याची व्यवस्था केली, त्याच शहरात पाहुण्याने डाळीसाठी शेजाऱ्याचे दार वाजवावे, याला काव्यगत न्याय म्हणावे की अन्याय, हे वाचकांनी ठरवावे.

आता हे पत्र ज्या प्रसंगामुळे लिहावे लागले, त्याविषयी. सोलापूर, कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागातून शस्त्रक्रियेसाठी बंगळुरू गाठणारी कुटुंबे थोडी नाहीत. रुग्णाला घरी सोडल्यावरही तपासणीसाठी काही दिवस जवळच राहावे लागते आणि म्हणून ती आपल्या सदनिका घेतात. अशाच एका कुटुंबातील हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडलेल्या वृद्ध गृहस्थांना कमी मिठाचे, मऊ, ताजे अन्न द्यावे असे डॉक्टरांनी लिहून दिले होते. कमी मिठाचे अन्न विकत मिळत नाही. बंगळुरूतील दर्शिनी, म्हणजे उभ्याने खाण्याची ती स्वस्त आणि स्वच्छ उपाहारगृहे, एरवी कोणाही भुकेल्याला तारून नेतात, पण त्यांच्या इडलीतही मीठ असते आणि सांबारात तर असतेच. त्या गृहस्थांची पत्नी रात्री साडेआठ वाजता, हातात अ‍ॅल्युमिनियमचा कुकर धरून, अकराव्या मजल्यावरच्या अनोळखी दारांच्या घंटा वाजवत उभी होती. तिला कन्नड येत नव्हते. कुकर उलटा करून त्याचे बूड दाखवणे एवढीच तिची भाषा होती.

मालकमहाशय, उपरोध येथे पुरा पडत नाही. आपण फसवले आहे. छायाचित्र काढताना कुकर छान दिसतो म्हणून ठेवलात, तो चालतो की नाही हे पाहिले नाहीत, आणि ज्याच्या पथ्याचा आधार त्या एका भांड्यावर होता त्याच्याकडून पूर्ण भाडे घेतलेत. ही विसरभोळेपणाची नोंद नव्हे. जे कधी तपासलेच नाही ते पुरवले असे लिहून देणे याला खोटे बोलणे म्हणतात.

जुन्या काळच्या धर्मशाळेत याहून बरे होते असे भाबडेपणाने म्हणता येणार नाही. तेथे छप्पर, विहीर आणि दगडांची चूल मिळे, कोठे दानशूराच्या कृपेने शिधा, म्हणजे डाळ, तांदूळ, पीठ असा कोरडा जिन्नस मिळे. भांडी प्रवाशाने स्वतःची बांधून न्यायची असत. इंग्रजी अमदानीतील 1867 च्या सराई कायद्याने सराई चालवणाऱ्यावर खोल्या, ओसऱ्या, मोऱ्या व विहिरी स्वच्छ ठेवण्याची आणि दरपत्रक लावण्याची सक्ती केली. कुकरविषयी तो कायदा मौन पाळतो. पण धर्मशाळेने काय मिळणार नाही हे कधी लपवले नाही, म्हणून प्रवासी पितळी पातेले घेऊन निघत असे आणि रात्री उपाशी झोपत नसे.

आपल्या बाजूने बोलायचे तर बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. घरगुती गॅसचा 14.2 किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, पाहुणा बटण उघडे टाकून फिरायला जाईल ही भीती वेगळी. त्यामुळे इंडक्शन घेणे शहाणपणाचेच होते. पाहुणे चमचे नेतात, लेप दिलेल्या तव्यावर पोलादी उलथणे चालवतात, जळके पातेले कपाटात मागे दडवून ठेवतात. त्यातून आपण स्वतः या शहरात नसता. डॅलसला अथवा दुबईला असता, आणि किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या पेटीत असते. दुरून मालमत्ता सांभाळण्याचे दुःख या शहराला नवे नाही. शहाजीराजांच्या जहागिरीतील हे बंगळुरू पुढे व्यंकोजीराजांकडे आले, तंजावरला बसून ते राखणे जड जाऊ लागले, आणि तीन लाख रुपयांत म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना ते विकण्याचा सौदा ठरला. 1687 मध्ये मोगल मध्ये पडले तरी अखेर शहर वोडेयरांकडेच गेले. आज तेवढ्या रकमेत आपल्या सदनिकेची काही महिन्यांची हप्तेफेडही होत नसेल.

आणखीही एक शक्यता आहे. या सदनिकांपैकी काही आईवडील येऊन राहतील या आशेने घेतलेल्या असाव्यात. ते आले नाहीत, किंवा आठवड्यात कंटाळून गावी परतले, आणि हप्ता चालूच राहिल्याने घर जाहिरातीत गेले. तसे असल्यास कपाटातला तो अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आपल्या आईने गॅसच्या शेगडीसाठी, गावाहून, कपड्यांत गुंडाळून आणलेला असण्याचा संभव आहे; शेगडी नंतर बदलली, कुकर राहून गेला. हे खरे असेल तर वरचा राग थोडा मागे घ्यावा लागेल. सगळा नव्हे.

आपल्याकडून मोठे काही मागितलेले नाही. इंडक्शनवर चालणारा पोलादी कुकर, एक जास्तीची रिंग, दुधाचे पातेले, सांडशी, गाळणी, धार असलेली सुरी: हा सारा संसार आपल्या सदनिकेच्या दोनतीन रात्रींच्या भाड्यात चिकपेठेत मिळेल. पेले ठेवायला हरकत नाही. भांडी ठेवायचीच नसतील तर यादीतून ‘प्रेशर कुकर, एक’ ही ओळ खोडावी. सोलापूरकर आपला कुकर घेऊन येतील, त्यांना सवय आहे. आणि पुढच्या वेळी आपण भारतात याल तेव्हा एक रात्र त्याच घरात उतरून तूरडाळ लावून पाहावी, केअरटेकरला फोन न करता.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पथ्यकरी पाहुणा

ता. क. : शेजारच्या एका तेलुगू कुटुंबाने कुकर त्यांच्या गॅसवर लावून दिला, त्यामुळे पहिल्या रात्रीची खिचडी वेळेवर झाली. दुसऱ्या दिवशीची मात्र फ्रायपॅनमध्ये करावी लागली आणि ती तळाला लागली. सदनिका सोडताना त्या फ्रायपॅनच्या भरपाईपोटी अनामत रकमेतून कपात करण्यात आली असून, पावतीवर कारण म्हणून ‘भांड्याचा अयोग्य वापर’ असे लिहिले आहे. योग्य वापर कोणता, हे उलट टपाली कळवावे.